खिमा कोरडा, निखारा पांढरा

सीख कबाब सळईवरून सुटून निखाऱ्यात पडला की पहिला संशय मसाल्यावर येतो आणि दुसरा बेसनावर. मग पुढच्या खेपेला अंडं पडतं, ब्रेडचा चुरा पडतो, कॉर्नफ्लोअर पडतं, आणि शेवटी सळईवर टिकतो तो खिम्याचा वडा. कबाब पडतो तो पाण्यामुळे. आणि पडला नाही, पण बाहेरून काळा आणि आतून कच्चा राहिला, तर ज्वाळेमुळे. घरच्या कबाबाचे बाकीचे बहुतेक घोटाळे या दोघांच्याच खात्यावर टाकता येतात.

यातली ज्वाळेची गोष्ट पुण्याच्या आसपास हुरडा खाल्लेल्या कुणालाही ठाऊक असते. आगटी पेटल्या पेटल्या कणसं कुणी जाळात धरत नाही. गोवऱ्यांचा जाळ बसू देतात, आर फुलतो, मग कणसं आत खुपसतात. तोच माणूस घरी शेगडी पेटवली की दहाव्या मिनिटाला सळया मांडून मोकळा होतो.

आधी पाणी. त्याची सुरुवात मटणाच्या दुकानापासून होते. एक किलो सीख कबाबासाठी 800 ग्रॅम खांद्याचं मटण आणि 200 ग्रॅम चरबी घ्यायची. मांडीचं मटण दिसायला सुरेख, पण त्यात चरबी कमी, कबाब कोरडा आणि रबरी होतो. गिऱ्हाइकाला चरबी नको असते या हिशेबाने दुकानदार ती आधीच काढून बाजूला टाकतो, त्यामुळे ‘चरबी वेगळी वजन करून द्या’ असं स्पष्ट सांगावं लागतं. छातीची मऊ चरबी बरी. गुरद्याभोवतीची कडक चरबीही चालते, पण कबाब जरा निवला की ती मेणासारखी टाळूला चिकटते.

खिमा करून आणल्यावर धुवायचा नाही. आपल्याकडे मटण धुतल्याशिवाय चुलीवर चढत नाही, ही सवय पक्की आहे, आणि कबाबाचा घात इथेच होतो. दळलेल्या मांसाच्या बारीक कणांमध्ये पाणी शिरलं की चाळणीत तासभर ठेवूनही ते पूर्ण निथळत नाही. शिवाय धुण्याने जंतू मरत नाहीत, ते मरतात शिजवल्यावर. धुतल्याशिवाय चैनच पडत नसेल तर मटणाचे तुकडे असतानाच धुवा, पाव तास चाळणीत निथळा, कोरड्या सुती फडक्याने एकेक तुकडा टिपा, ताटात पसरून तासभर फ्रीजमध्ये उघडे ठेवा आणि मग खिमा करा. घरी मिक्सरवर करायचा तर तुकडे आणि चरबी आधी वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवून, थोडे थोडे घेऊन, थांबून थांबून फिरवायचे. मिक्सर सलग चालवला की भांडं तापतं, चरबी वितळून लेपासारखी पसरते, आणि मग सळईवर तिचं काही खरं नसतं. दुकानातून आणायचा असेल तर दोनदा दळून घ्या.

दुसरं पाणी कांद्यातलं. कांद्यात वजनाच्या दहात जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं. 150 ग्रॅम कांदा किसून, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचा आणि मलमलच्या फडक्यात घालून पिळायचा. मनगट दुखेपर्यंत पिळला की निम्माच उरतो. तेवढाच घ्यायचा. निघालेलं पाणी रश्शात जातं, फुकट जात नाही. कोथिंबीर आणि पुदिना धुऊन पार सुकवून सुरीने चिरायचा, मिक्सरमधून काढायचा नाही. आलं-लसूण प्रत्येकी 15 ग्रॅम, तेही पाण्याचा थेंब न घालता खलबत्त्यात कुटून. चार हिरव्या मिरच्या त्यातच.

मसाल्यात मीठ 14 ग्रॅम, म्हणजे सपाट सव्वादोन छोटे चमचे. भाजलेल्या धण्यांची पूड दोन छोटे चमचे, भाजलेल्या जिऱ्याची दीड, ब्याडगीचं तिखट दोन, गरम मसाला दीड, भरडलेली मिरी अर्धा. कंकोळ, म्हणजेच कबाबचिनी, मिळाली तर सात-आठ दाणे कुटून घाला, नावाप्रमाणे ती इथलीच आहे. कांदा-लसूण मसाला घालायचा मोह मात्र आवरावा. त्यातलं सुकं खोबरं आणि तीळ निखाऱ्यावर मटणाच्या आधी करपतात आणि सगळ्या कबाबाला कडवट झाक येते. तो मसाला रश्शातच शोभतो.

बांधणीसाठी बेसनापेक्षा पंढरपुरी डाळं सरस. तीस ग्रॅम डाळं मिक्सरमधून बारीक पूड करून घालायचं. ते आधीच भाजलेलं असल्यामुळे कच्चट चव लागत नाही आणि उरलंसुरलं पाणी शोषून घेतं. अंडं नको. अंडंही शेवटी पाणीच आणतं.

खरी बांधणी मात्र डाळं करत नाही. ती मीठ आणि मळणं मिळून करतात. मिठामुळे मांसातली काही प्रथिनं विरघळून चिकट होतात आणि मळताना ती एकमेकांत गुंततात. म्हणून मीठ पहिल्यापासून घालायचं आणि खिमा परातीत कणकेसारखा तळव्याने रगडायचा, सहा-सात मिनिटं. सुरुवातीला तो दाणेदार, सुटा असतो. चौथ्या मिनिटाच्या आसपास रंग किंचित फिकट होतो, गोळा परातीला धरून राहायला लागतो, आणि बोटं वर उचलली की त्यांच्यामागे बारीक पांढरट तंतू ओढले जातात. आता लिंबाएवढी गोळी तळव्यावर दाबून हात उलटा करा. ती पडली नाही तर खिमा सळईवर जायला तयार आहे. पडली तर अजून दोन मिनिटं. मळताना हाताला तेलकट लागू लागलं तर थांबा. चरबी वितळायला लागली आहे, परात तशीच अर्धा तास फ्रीजमध्ये सरकवा. एप्रिल-मेमध्ये परातीखाली बर्फाचं ताट ठेवूनच मळावं. मळून झाल्यावर झाकून दोन ते चार तास फ्रीजमध्ये ठेवायचा. सळईवर लावण्याआधी चमचाभर खिमा तव्यावर परतून मीठ पाहा. कच्चा खिमा जिभेवर ठेवून मीठ बघायचं नसतं.

सळया. खिम्यासाठी गोल सळई नको. सळई फिरते आणि कबाब आहे तिथेच राहतो, कच्ची बाजू कायम खाली. आठ मिलिमीटरची चौकोनी किंवा सेंटिमीटरभर रुंद चपटी पट्टी हवी. लांबी शेगडीच्या रुंदीपेक्षा पंधरा-वीस सेंटिमीटर जास्त. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत लोखंडी सामानाच्या दुकानात अशी पट्टी कापून मिळते, टोक घासून घेतलं की झालं. चकाकणारी जस्ताचा मुलामा दिलेली पट्टी किंवा जाळी मात्र घ्यायची नाही. निखाऱ्याच्या उष्णतेला जस्ताचा धूर होतो आणि तो पोटात जायची वस्तू नाही. साधं लोखंड किंवा स्टील घ्या. लोखंडाची सळई वापरानंतर पुसून तेलाचा हात लावून ठेवली की गंजत नाही. पण पुढच्या वेळी खिमा लावण्याआधी ते तेल पुसून काढा. चिकटू नये म्हणून सळईला तेल लावणारे बरेच असतात, आणि खिमा घसरला की परत मसाल्याला दोष देतात. सळई कोरडी आणि गार हवी.

एका कबाबाला 85-90 ग्रॅमचा गोळा, म्हणजे एवढ्या खिम्याचे बारा-तेरा होतात. गोळा सळईवर ओवायचा आणि हात नुसता ओलसर करून मुठीने खालीवर सरकवत बारा-चौदा सेंटिमीटर लांब करायचा. सळईभोवती जाडी सगळीकडे दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. दोन्ही टोकं निमुळती करून सळईवर घट्ट दाबून बंद करायची. टोक उघडं राहिलं की आतली वाफ तिथून वाट काढते आणि कबाब पोकळ होऊन सुटतो. बोटांनी दिलेल्या खाचा शोभेसाठी वाटतात, पण त्यांमुळे पृष्ठभाग वाढतो आणि चर, म्हणजे बाहेरची किंचित करपलेली खमंग कड, लवकर धरते.

आता विस्तव. लाकडी कोळसाच हवा. दगडी कोळशाच्या धुराला गंधकाचा वास असतो, तो खाण्याला लागतो. वखारीत मिळाला तर उत्तम, नाहीतर कोळशाची इस्त्री अजून चालवणाऱ्या एखाद्या इस्त्रीवाल्याला विचारावं, तो कुठून आणतो ते त्याला पक्कं माहीत असतं. तुकडे लिंबाएवढे ते अंड्याएवढे निवडायचे, भुगा बाजूला काढायचा. भुगा निखाऱ्यांमधल्या फटी बुजवतो आणि शेगडी घुसमटते. चाळीस बाय वीस सेंटिमीटरच्या पत्र्याच्या शेगडीला सव्वा किलो कोळसा पुरतो.

रॉकेल ओतून पेटवू नका, त्याचा वास कबाबापर्यंत पोचतो. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा दोन्हीकडून कापून, खालच्या कडेला आठ-दहा भोकं पाडून विटांवर उभा केला की उत्तम धुराडं तयार होतं. खाली कागदाचे बोळे आणि नारळाच्या दोन-तीन करवंट्या, वर कोळसा. कापराची वडी लावली तरी चालते, कोळसा फुलेपर्यंत ती केव्हाच जळून गेलेली असते. वारा घालायला सूप किंवा पुठ्ठा. पंचवीस-तीस मिनिटांत कोळशावर पांढरट राखेचा पातळ थर चढतो आणि आतून तो लाल दिसतो. त्याआधी कबाब लावायचा नाही. काळा कोळसा शिल्लक असला की धूर येतो आणि त्याची कडू चव थेट मांसाला लागते.

निखारे शेगडीच्या दोन-तृतीयांश भागात पसरायचे आणि उरलेला भाग मोकळा ठेवायचा. मोकळ्या भागाचा उपयोग नंतर कळतो. जाळी ठेवायची नाही, सळया शेगडीच्या दोन्ही कडांवर टेकवायच्या, कबाब अधांतरी. निखारा आणि कबाब यांच्यात आठ-दहा सेंटिमीटर अंतर. तेवढ्याच उंचीवर तळवा आडवा धरा. दोन-तीन सेकंदांत हात ओढून घ्यावासा वाटला तर ही सीख कबाबाची आच. चार-पाच सेकंद टिकला तर टिक्क्याची. त्याहून जास्त टिकत असेल तर अजून कोळसा हवा.

आच कमी असताना घाई केली की खिमा कितीही कोरडा असला तरी पडतो, आणि याचं कारण साधं आहे. तीव्र आचेत मांसातली प्रथिनं पटकन आवळतात आणि कबाब सळईला पकडून धरतो. मंद आचेवर ती आवळण्याआधीच चरबी वितळायला लागते आणि आतून वंगण मिळाल्यासारखा सगळा गोळा घसरतो. लोक कबाब पडेल या भीतीने आच मंद ठेवतात, म्हणून पडतो.

सळई मांडली की पहिलं मिनिटभर हात लावायचा नाही. खालची बाजू गुलाबीची करडी झाली, कोरडी दिसली, की पाव फेरा. पुन्हा पाऊण मिनिट, पुन्हा पाव फेरा. चारही बाजू अशा बसल्या की मग सतत फिरवत राहा. चौथ्या मिनिटाला तुपाचा एक हात, उतरवताना दुसरा. याच सुमाराला चरबीचे थेंब पडतात आणि खालून ज्वाळा उठतात. पाणी शिंपडायचं नाही, राख उडून कबाबावर बसते. सळया उचलून त्या मोकळ्या भागावर न्यायच्या, जाळ बसला की परत आणायच्या. एकूण आठ ते दहा मिनिटं. खिम्यात बाहेरचे जंतू दळताना आतपर्यंत पोचलेले असतात, म्हणून तो अर्धाकच्चा खायचा नाही. टोचायचा तापमापक असेल तर आत 71 अंश सेल्सियस यायला हवं. नसेल तर एक कबाब मोडून पाहा, आत गुलाबी नको आणि रस स्वच्छ हवा.

एखादा कबाब हलायला लागलाच तर त्याला सळईवर वाचवत बसू नये. तो काढून बिडाच्या तापलेल्या तव्यावर घ्यायचा.

टिक्क्याकडे वळण्याआधी पुण्यापुरती एक सूचना. उर्दूत बोटी म्हणजे मांसाचा तुकडा, म्हणून पाककृतीत ‘बोटी कबाब’ असतो. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात असो वा पेठेतल्या नेहमीच्या दुकानात, नुसती ‘बोटी द्या’ म्हणालात तर वजडीच्या जोडीची आतडी पिशवीत पडू शकतात. मागायचं ते मांडीचं बोनलेस, चार सेंटिमीटरचे तुकडे.

बोकडाच्या तुकड्यांना कच्ची पपई लागतेच. सालासकट वाटून किलोला दीड मोठा चमचा, दोन तास. रात्रभर नको. पपईतलं पपेन साठ-सत्तर अंशांच्या आसपास सर्वांत जोमाने काम करतं, म्हणजे शेगडीवर चढल्यावरही ते मांस सोडवतच असतं. रात्रभर लावून ठेवलेलं मटण वरून पिठूळ होतं आणि दाताखाली धागाच लागत नाही. चिकनला पपईची गरज नाही.

चिकन टिक्क्यासाठी लेग बोनलेस घ्या. छातीचे तुकडे दिसतात छान आणि दोन मिनिटं जास्त झाली की भुसा. किलोभर तुकड्यांना 12 ग्रॅम मीठ, एका लिंबाचा रस, आलं-लसूण, अर्धा तास. भांड्याच्या तळाशी पाणी सुटलेलं दिसेल, ते ओतून टाका. बहुतेक जण त्याच पाण्यात दही कालवतात, आणि मग मसाला तुकड्यावर न राहता शेगडीत ठिबकतो. दुसऱ्या लेपासाठी दह्याऐवजी सरळ चक्का, 200 ग्रॅम. श्रीखंडाच्या कृपेने पुण्यात डेअरीत चक्का तयार मिळतो, या बाबतीत आपण नशीबवान. घरी करायचा तर अर्धा किलो दही फडक्यात चार-पाच तास टांगा. मोहरीचं तेल तीन मोठे चमचे धूर येईपर्यंत तापवून, थोडं निववून त्यात दोन मोठे चमचे ब्याडगीचं तिखट घाला. तेलात रंग असा उतरतो की खाण्याच्या रंगाची आठवणही होत नाही. मोहरीचा उग्रपणा घरात चालत नसेल तर शेंगदाण्याचं तेल, रंग तितकाच येतो. हे तेल, चक्का, दोन चमचे डाळ्याची पूड, गरम मसाला, कसुरी मेथी एकत्र करून तुकड्यांना चोळा आणि चार ते सहा तास ठेवा.

टिक्का दोन टप्प्यांत भाजतात. तुकड्यांमध्ये बोटभर फट ठेवून आधी आठ मिनिटं, मग सळया उतरवून पाच मिनिटं उभ्या टेकवून ठेवायच्या. आतली ऊब मधोमध पोचते, सुटलेलं पाणी निथळतं. मग तुपाचा हात फिरवून तीव्र आचेवर तीन मिनिटं. हॉटेलातल्या टिक्क्याला कडा काळ्या आणि आत ओलावा असतो तो या विश्रांतीमुळे. चिकन आत 74 अंश.

पनीरला यातलं काहीच लागत नाही. तीन सेंटिमीटरचे चौकोन, तोच चक्का, अर्धा तास, आणि तीव्र आचेवर तीन-चार मिनिटं. जास्त भाजलं की ते चामडं होतं. श्रावणातल्या मंडळींसाठी सुरण जास्त गमतीचा: तुकडे चिंच किंवा कोकम घातलेल्या पाण्यात नव्वद टक्के शिजवायचे, म्हणजे घशाला खाजणार नाही, पूर्ण सुकवायचे आणि मग लेप. वजन, पोत, चर, सगळं मांसाच्या जवळ जातं.

राहता राहिली जागा आणि ऋतू. आखाडात कबाबाची हुक्की सगळ्या गावाला येते आणि नेमका तेव्हाच पाऊस असतो. ओल धरलेला कोळसा तडतडून ठिणग्या उडवतो. त्याला आदल्या दिवशी ऊन दाखवा, किंवा गटारीला तव्यावर भागवून शेगडीचा बेत मार्गशीर्षात चंपाषष्ठीनंतर ठेवा, हवा कोरडी असते आणि परातीतली चरबीही ताब्यात राहते. पावसात घराच्या आत शेगडी आणणं हा उपाय नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही आणि रंगही नाही. बाल्कनीची सरकती काच लावून आत बसवलेली शेगडीही बंद खोलीच. सोसायटीची गच्ची मिळाली तर तीच, आणि वारा कुठून कुठे वाहतो ते बघून, वरच्या मजल्यावरच्यांचं वाळत घातलेलं धुणं धुराच्या वाटेत येणार नाही असं.

गच्ची मिळतच नसेल तर ओटीजी 250 अंशांवर पंधरा मिनिटं तापवून, फक्त वरची कॉइल चालू ठेवून, जाळी सगळ्यात वरच्या खाचेत. खाली ताटात थोडं पाणी, म्हणजे पडणारी चरबी धुमसणार नाही. बारा मिनिटांत सीख कबाब होतो, फक्त धुराची चव नसते. ती धुरी देऊन आणायची: खिडकी उघडी ठेवून गॅसवर कोळशाचा एक तुकडा लाल करा, कबाबांच्या मधोमध वाटीत ठेवा, अर्धा चमचा तूप सोडा आणि घट्ट झाकण. चार मिनिटं पुरे. दहा मिनिटं ठेवलं तर कबाब राखुंडीसारखा लागतो.

कबाब संपले तरी शेगडीत अर्ध्या तासाचा आर शिल्लक असतो. त्यात दोन भरताची वांगी तेलाचा हात लावून, दोन ठिकाणी टोचून ठेवून द्या. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ही चव येत नाही. वांगी निघाली की निखाऱ्यांवर पाणी ओतायचं नाही, पत्रा तडकतो आणि गरम राख तोंडावर येते. निखारे चिमट्याने घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून डबा विटेवर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उघडू नका. हवा बंद झाली की ते आपोआप विझतात, आणि हाच अर्धा जळलेला कोळसा पुढच्या वेळी सगळ्यात आधी पेट घेतो.